दुपारची दुसरी कपबशी

आईनं मला घरकामाची यादी सांगितली तेव्हा ती अंथरुणातून उठत नव्हती. मी चौथी पास झाले होते, अक्षर बरं होतं आणि वहीची मागची सात पानं कोरी होती. "लिही," ती म्हणाली, "न्हाईतर इसरशील." मधेच तिला धाप लागे. मग मी पेन्सिल तशीच धरून थांबे आणि तिचा श्वास बसला की पुढचं लिहून घेई. दोन दुपारी मिळून एकवीस कामं झाली. पहिलं होतं, सकाळी भाऊ आले की पेज. शेवटचं, निजायच्या आधी कडी दोनदा बघणं. पुढं इस्पितळात मेट्रन झाल्यावर माझ्या याद्यांची नव्या नर्स मुली चेष्टा करत. भिंतीवर यादी, कपाटाच्या दारावर यादी, माझ्या पदराला टाचणीनं लावलेली यादी. त्यांना वाटे, हा बाईंचा स्वभाव. स्वभाव असेलही. पण पहिली यादी माझी नव्हती, आईची होती, आणि तिच्यातलं पहिलंच काम मी महिन्याच्या आत खोडलं. त्या खोडलेल्या ओळीबद्दल लिहायचं म्हणून हे प्रकरण.

वडिलांना सगळी चाळ भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणत असे. ते रेल्वेत सांधेवाले होते, गाडीचा रूळ बदलून देणारे. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत आम्हाला दोन खोल्या होत्या, वर पत्रा, मागं शेळी बांधण्यापुरती जागा. भाऊंची केबिन खाली घाटात होती. घाटाची उतरण मोठी. गाडीचा ब्रेक सुटला तर ती सुसाट खाली जाऊ नये म्हणून एक आडरूळ चढावर नेलेला होता आणि सांधा एरवी त्या आडरुळालाच लावलेला असे. उतरणारी प्रत्येक गाडी केबिनपाशी थांबायची, शिट्टी द्यायची. ती खरोखर थांबली आहे हे भाऊंनी डोळ्यांनी पाहायचं आणि मगच दांडा ओढून सांधा मोठ्या रुळाला लावायचा. एवढंच काम. पण ते जाग्या माणसाचं काम होतं. आई गेल्यावर भाऊंनी साहेबांना सांगून कायमची रात्रपाळी मागून घेतली. पोर दिवसा एकटी नको, हा त्यांचा हिशेब. रात्री मी शेजारच्या खालाकडे निजे. खालाचा नवरा रहिमानचाचा घाटातल्या इंजिनावर मदतनीस होता. ती दोघं पवन मावळातली, मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या अंथरुणाची जागा त्यांनी न विचारता करून ठेवली होती.

तर भाऊ दिवसा घरी असत. पण रात्रभर जागलेला माणूस दिवसा घरी असतो म्हणजे निजलेला असतो. शाळा माझी सुटलीच होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं आणि बाहेरच्या खोलीत मी, अशी आमची सोबत.

पेज करायला मला यायची नाही असं नाही. कण्या धुवायच्या, भरपूर पाणी, मीठ, मंद आच. आमच्याकडं आंबेमोहोराच्या कण्या गावाहून येत, त्यांची पेज शिजताना चाळीत वास जाई. पण तिच्यापाशी उभं राहावं लागतं, आणि मी एकीकडं पाणी भरायला, दुसरीकडं शेळीकडं धावायची. पहिल्या आठवड्यात पेज दोनदा करपली. भाऊंनी करपलेली पेज खाल्ली. तिसऱ्यांदा करपली तेव्हा ताट बाजूला सारून म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं शेवंते. च्याच टाक. त्यात काय करपत न्हाई." मला इतकं हायसं वाटलं की मी वही काढून पहिल्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिलं, चहा.

चहा तेव्हा आमच्या थरातल्या घरांत नवाच होता. त्याच्या आदल्या वर्षी बाजारात एक गाडी आली होती. गाडीवर ग्रामोफोन, मोठ्ठं पितळी भांडं, आणि टोपीवाला एक माणूस सगळ्यांना फुकट चहा पाजत होता. मी आणि माझी मैत्रीण सई, दोघींनी दोन-दोनदा रांग धरली. तो ओरडून सांगत होता, चहा घ्या, थकवा जातो, झोप पळते, कामाला जोर येतो. चहा कसा करायचा तेही त्यानं करून दाखवलं. पाणी उकळायचं, उतरवायचं, पूड टाकायची, झाकायचं, पाच मिनिटांनी गाळायचं. ते कुणी लक्षात ठेवलं नाही. आमच्या चाळीत चहा उकळायचा असाच रिवाज पडला. चुलीच्या बाजूला जे छोटं तोंड असतं, वैल म्हणतात त्याला, त्यावर सकाळी पातेलं चढे ते दिवसभर उतरत नसे. रेल्वेचा माणूस कोणत्याही वेळेला घरी येणार, आला की हातात गरम काही हवं, म्हणून पातेलं रिकामं होऊ द्यायचं नाही. चोथा टाकायचा नाही, त्यावरच नवी पूड, वर गूळ, वर पाणी. दुपारपर्यंत त्या रसाला जांभळट तांबडा रंग चढे आणि पातेल्याला आतून काळी कड धरे. मी ती कड घासूनही काढत नसे. घट्ट चहा म्हणजे माया, अशी माझी समजूत होती.

भाऊ सकाळी सातच्या सुमारास येत. पाय धुऊन चुलीपाशी बसत आणि दोन कप चहा घेऊन आत जात. आधी आधी ते चारपर्यंत निजत. मग दोनपर्यंत. मग बाराच्या ठोक्याला दार उघडू लागलं. डोळे तांबडे, केस उभे, दारात उभे राहून म्हणत, "झोप न्हाई आली गं." मला वाटलं, आवाजानं जाग येते. दुसरं काय वाटणार? मी वहीच्या नव्या पानावर घरातल्या आवाजांची यादी केली आणि एकेका आवाजाचा बंदोबस्त करायला घेतला. शेळीच्या गळ्यातल्या घंटीत चिंधी कोंबली. दाराच्या बिजागरीला गोडेतेल सोडलं. उखळ खालाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. पत्र्यावर कावळे टकटक करत, त्यांच्यासाठी अंगणात वेळूची काठी घेऊन बसू लागले. भाजीवाली कातकरीण दारात येऊन आरोळी देई, तिला आधीच रस्त्यात गाठून सांगितलं, मावशी, आमच्या दारी ओरडू नका, मीच येत जाईन. ती म्हणाली, "का गं, घरात बाळंतीन हाय का मयत?" यादीत सहावं नाव सईचं होतं. ती दुपारी सागरगोटे खेळायला येई, आणि सागरगोटे वाजतात, आणि सई हसे ती मोठ्यानं. मी तिला दारातच सांगितलं, येत जाऊ नकोस. "मग तू ये," ती म्हणाली. मी म्हटलं, मला कावळे हाकायचे असतात. तिनं सागरगोटे मुठीत घेतले आणि गेली. सातवं नाव मी माझंच लिहिलं. अनवाणी, टाचा उचलून चालायला शिकले, भांडं दोन्ही हातांनी जमिनीला टेकवायला शिकले, शिंक पदरात दाबायला शिकले. गाड्यांच्या शिट्ट्या तेवढ्या यादीत नव्हत्या. त्यांना कोण काय करणार? आणि शिट्ट्यांनी आमच्या चाळीत कुणी जागं होत नसे.

एवढं सगळं गप्प केलं तरी बाराला दार उघडेच. आता एक गोष्ट कबूल करते. दार उघडे तेव्हा मला आनंद व्हायचा. सकाळपासून माझ्या तोंडातून एक शब्द गेलेला नसे. भाऊ दारात दिसले की मी आधीच वैलावरून पातेलं उतरवलेलं असे. घरात दोन कपबशा होत्या, निळ्या रेघेच्या. एक भाऊंची, एक आईची. आईच्या कपात मी घेई. आम्ही चुलीपाशी समोरासमोर बसत असू आणि भाऊ घाटातल्या गोष्टी सांगत. "आज निघताना बग, माकडानं गार्डाची टोपी न्हेली. गार्ड म्हनतो, रिपोट करतो. म्या म्हनलं, करा की, पन माकडाचं नाव काय घालनार?" मी तोंडावर हात धरून हसे. हसण्याचाही आवाज होऊ नये अशी सवय झालेली. "आता कुनासाठी दाबतीस?" भाऊ म्हणत, "मी तर जागाच हाय." मग मी एकदा मोठ्यानं हसून घेई. चोवीस तासांतला माझा बोलण्याचा वेळ म्हणजे तो, एक कप संपेपर्यंतचा. म्हणून मी कप भरत राही. भाऊही नको म्हणत नसत. त्यांच्या हाताला तेव्हा कंप सुटू लागला होता. बशी उचलली की कप तिच्यावर किणकिण वाजे. त्या आवाजाला मी यादीत जागा दिली नाही. मला तो आवडायचा.

आता वाटतं, कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. भाऊंची भूक गेली होती. संध्याकाळी निघताना अर्धी भाकरी कशीबशी खात आणि केबिनवर न्यायला चहाची बाटली मागत. गालफडं बसली होती. मला स्वतःला खालाकडं निजल्यावर छातीत धडधड ऐकू येई, वाटे उशीखाली कुणीतरी धान्य कुटतंय. मी उशी बदलून पाहिली. माझ्या पुतणीचा मुलगा परवा कॉलेजच्या परीक्षेला आला होता, कॉफीचा थर्मास उशाशी घेऊन बसलेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आजी, माझं हृदय बहुतेक कमजोर आहे. मी त्याला म्हटलं, हृदय चांगलं आहे, थर्मास कमजोर कर. त्याला हे सांगायला मला एक क्षण लागला, कारण मधे तीस वर्षं इस्पितळात गेली होती. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते आणि फुकट चहा पाजणाऱ्या माणसानं जे सांगितलं ते अगदी खरं होतं. झोप पळते. कुठल्या झोपेबद्दल तो बोलतोय, एवढं मात्र मी विचारलं नव्हतं.

दिवसा न मिळालेली झोप भाऊंना केबिनवर गाठू लागली. गाडी येऊन उभी राहायची, एक शिट्टी, दुसरी शिट्टी, आणि सांधा हलायचा नाही. अशा खोळंब्याची गार्ड नोंद करी. पावसाळा संपेपर्यंत दोनदा नोंद झाली. तिसरी झाली तर सांध्यावरून काढतील असं साहेबांनी समोर बोलावून सांगितलं होतं. खोल्या नोकरीच्या होत्या. नोकरी गेली की त्या सोडायच्या आणि गावी चुलत्यांच्या घरी जायचं. हे भाऊंनी मला सांगितलं नाही. खालाला सांगितलं आणि खालानं मला सांगितलं. मी काय केलं असेल? पूड वाढवली.

कार्तिकात नानी आली. नानी म्हणजे माझी थोरली चुलती. कामशेतहून आत नाणे मावळात आमचं गाव, तिथून कामशेतपर्यंत बैलगाडी आणि पुढं रेल्वे, असं करत ती संध्याकाळी पोचली. डोक्यावर कण्यांचं गाठोडं होतं. भाऊ ड्यूटीवर गेलेले होते. नानीचा आवाज शेतातला, या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. मी पाणी दिलं, चूल पेटवली, तशी ती मला न्याहाळत म्हणाली, "आगं, पोर हाय का मांजर? पाय वाजत न्हाईत तुजं." मग शेळीकडं गेली आणि तिच्या घंटीतली चिंधी बघून तिथूनच ओरडली, "हिला का गं मुकी केलीस?" मी सगळं सांगितलं. भाऊंना झोप नाही, जरा खुट्ट झालं की जाग येते. नानीनं वाकून वैलावरच्या पातेल्यात पाहिलं.

सकाळी भाऊ आले तेव्हा नानी चुलीपाशी होती. वैलावरचं माझं पातेलं तिनं उतरवून बाजूला ठेवलेलं आणि त्या जागी पेजेचं मडकं. भाऊ बसले, इकडंतिकडं पाहिलं. "वैनी, च्या?"

"कसला च्या? रातभर जागून आल्याला मानूस तुमी, भावजी. रगात आटवायचंय व्हय? ही पेज. खावा नि पडा."

"पन शेवंता रोज—"

"शेवंता ल्हान हाय. तुमी बी ल्हान हाईत का?"

भाऊंनी दोन वाट्या पेज खाल्ली, लोणच्याच्या फोडीबरोबर. दुसरी वाटी संपताना त्यांची मान खाली जात होती. आत जाऊन पडले. मी ओठांवर बोट ठेवून नानीला खूण केली. ती म्हणाली, "निजू दे की. मी काय त्येंच्या छातीवर बसलीया?" आणि तिचा दिवस सुरू झाला. खालाच्या ओट्यावरचं उखळ तिनं फरफटत परत आणलं आणि मिरच्या कुटायला बसली. कुटता कुटता भिंतीपलीकडच्या खालाशी गप्पा. या गावच्या, त्या गावच्या, कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली. खालाही पलीकडून तेवढ्याच मोठ्यानं, "व्हय गं बाय, माज्या म्हायेरी बी तसंच." शेळी ओरडली, तिला नानीनं शिव्या दिल्या. मी आतल्या दाराशी उभी, जीव मुठीत धरून. शेवटी तिच्या हातून पाण्याचा हंडा सुटला आणि गडगडत अंगणापर्यंत गेला. मी डोळे मिटून घेतले. मग दार इंचभर ढकलून पाहिलं. भाऊ कुशीवर, तोंड उघडं, हात खाटेबाहेर लोंबलेला. बारा वाजून गेले, दोन वाजले. चार वाजता ते स्वतःहून उठले आणि म्हणाले, "किती वाजलं? दिस कुटं गेला?"

नानी तीन दिवस राहिली. तीन सकाळी पेज झाली, तिन्ही दिवस भाऊ चारपर्यंत निजले. कपाळ दुखतंय म्हणत होते, पण निजले. तिसऱ्या संध्याकाळी ती भाऊंना म्हणाली, "भावजी, मी पोरीला न्ह्यायलाच आलेवते. हितं भुतावानी बसतीया एकली. गावात चार मानसं हाईत. वरीस-दोन वर्सांत तिचं लगीन बी बगाय पायजे."

भाऊ वहाणा चढवत होते. ते वर न बघता म्हणाले, "नोकरी ऱ्हायली तर ऱ्हाईल ती हितं, माज्यापाशी. न्हाईतर दोघं बी येऊ. म्हैनाभर दम धरा, वैनी."

"म्हैन्यानं मी परत येती," नानी म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती गेली.

आता मी जे लिहिते आहे ते भाऊंना मी कधी सांगितलं नाही, खालालाही नाही. नानीला स्टेशनवर सोडून आले तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. आवाज मी एवढे मारले ते उगाच. सई, कावळे, शेळी, कुणाचाच दोष नव्हता. पेज दिली की भाऊ निजतात, चहा दिला की जागतात. मी कण्या धुतल्या, मडकं चढवलं, आच मंद ठेवली. पेज शिजली, करपली नाही. आणि मग मला दुपार दिसली. नानी नाही, तिची बडबड नाही, आतलं दार चारपर्यंत लोटलेलं, आणि मी. उद्याही तसंच, परवाही. भाऊंची पावलं अंगणात वाजली तेव्हा मी मडकं उतरवून फडताळाखाली सरकवलं आणि वैलावर पातेलं चढवलं. त्यात नवी पूड टाकली, मूठभर.

बाराला दार उघडलं. आम्ही दोघं बसलो. कप बशीवर किणकिणत होता. भाऊंनी नानीची नक्कल केली, "तुमी बी ल्हान हाईत का?" आणि मी मोठ्यानं हसले. फार छान दुपार होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ एकटे आले नाहीत. रहिमानचाचा त्यांच्याबरोबर दारापर्यंत आले. एरवी ते हसतमुख माणूस, पण तेव्हा त्यांनी वहाणाही काढल्या नाहीत. "भाऊ, तीन शिट्ट्या झाल्या काल," ते म्हणाले. "चौथीला गार्ड खाली उतरला आसता आनि लिवलं आसतं. म्या उतरून खडी उचलली नि मारली तुज्या केबिनीच्या पत्र्यावर, तवा हाललास."

"डोळा लागला," भाऊ म्हणाले.

"लागतो कसा रं? दिसभर निजतोस न्हवं?"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीपाशी होते, मागं वैलावर पातेलं उकळत होतं. त्यांनी पुन्हा चाचांकडं पाहिलं आणि म्हणाले, "निजतो की. चांगला निजतो."

ते खोटं त्यांनी का सांगितलं, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मी पातेलं उचललं, मागच्या दारी गेले आणि सगळा रस चोथ्यासकट शेळीच्या खुंट्यापाशी ओतला. आत येऊन म्हटलं, "भाऊ, थोडं थांबा. पेज टाकते."

"च्या न्हाई?"

"पूड संपली."

पाकीट मी पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली पुरलं. भाऊंचं डोकं त्या दिवशी दुपारपासून दुखायला लागलं. नानीच्या वेळी दुखलं होतं ते काहीच नव्हतं. कपाळाला फडकं आवळून बांधून ते भिंतीकडं तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी ओकारी झाली. तिसऱ्या दिवशी पेजेची वाटी त्यांनी हातानं ढकलली. पेज चुलीत सांडली, राख उडाली. "जीव घ्याचा हाय का माजा?" ते ओरडले. "येवढासा च्या मागतोय बापानं, तो बी देत न्हाईस?" भाऊ माझ्यावर त्याआधी कधी ओरडले नव्हते. मी खालाकडं पळाले आणि तिच्या मांडीत तोंड घालून रडले. पाकीट कुठं आहे तेही सांगून टाकलं, म्हटलं, देऊन टाकते.

खाला तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आज दिलास तर पुन्यांदा पयल्यापासनं मोजाय लागंल. माजा भाऊ अफू सोडत हुता तवा असाच वरडायचा, आमच्या अम्मीला बी. च्या काय अफू न्हाई, पन डोकं तसंच मागतंया. चार-पाच दिस जातील. तू दम धर. आनि पेज सांडली तर दुसरी टाक, रडाय कशाला बसलीस?" डॉक्टर आता त्याला कॅफीन म्हणतात. चहातलं ते द्रव्य अंगात किती तास राहतं, एकदम तोडलं की डोकं का उठतं, याचं शिक्षण मी पुढं घेतलं. खालानं सांगितलं त्यापेक्षा फार वेगळं काही त्यात नव्हतं. एकच भर घालीन, एकदम तोडू नये, हळूहळू कमी करावं. मला तेव्हा हळूहळूचा धीर नव्हता. चौथी शिट्टी कधीही वाजली असती.

पाचव्या दिवशी फडकं सुटलं. सहाव्या दिवशी भाऊ सकाळी बसले आणि च्या म्हणाले नाहीत. मीच मग संध्याकाळी, ते निघायच्या आधी, पिठाच्या डब्यातून पाकीट काढलं. पाणी उकळलं, उतरवलं, पूड टाकली, झाकलं, गाळलं, त्या टोपीवाल्यानं दाखवलं होतं तसं. एक कप. भाऊंनी चव घेतली, पाकिटाला लागलेलं पीठ पाहिलं, म्हणाले, "सापडली व्हय पूड?" मी हो म्हटलं. त्यांनी कप संपवला आणि निघाले. वहीत मी पहिल्या ओळीवरची रेघ खोडरबरानं काढायचा प्रयत्न केला. कागद फाटू लागला म्हणून सोडलं आणि खालीच पुन्हा लिहिलं, सकाळी भाऊ आले की पेज.

तिसरी नोंद झाली नाही. महिन्यानं नानी आली, भाऊंच्या गालांकडं पाहिलं, मडक्याचं झाकण काढून पेज पाहिली आणि मला न नेता परत गेली. भाऊ त्या सांध्यावर पुढं पुष्कळ वर्षं राहिले. म्हणजे सगळं नीट झालं. यादीप्रमाणं झालं.

फक्त दुपार राहिली. शेळीची घंटी मी मोकळी केली, उखळ घरात होतंच, कावळ्यांना काठी उगारायचं कारण नव्हतं. सईकडं एकदा जाऊन आले. ती नव्या दोघी मुलींबरोबर सागरगोटे खेळत होती. त्यांनी मला जागा दिली, पण त्यांचे खेळाचे नियम बदलले होते. मी परत आले. बारा वाजले. बारा वाजता मी अजूनही चुलीपाशी जाऊन बसत असे, आणि अंगवळणी पडलेलं म्हणून दोन्ही कपबशा काढून ठेवल्या जात. आतलं दार लोटलेलं. आतून भाऊंच्या घोरण्याचा आवाज, संथ, पोटभर जेवलेल्या माणसाचा. खाली घाटाकडं एक गाडी उतरत होती.

फडताळात पितळी परातीवर एक मोठं झाकण होतं, आईचं. मी उठले, ते काढलं, डोक्याइतकं उंच धरलं आणि सोडलं. फरशीवर ते आपटलं, उसळलं आणि गोल गोल फिरत राहिलं. पलीकडून खाला ओरडली, "काय पडलं गं?" शेळी उठून उभी राहिली. मी दाराकडं बघत थांबले.

घोरणं थांबलं. खाट करकरली. मी पटकन एक कप सरळ केला.

मग भाऊंनी कूस बदलली असावी. लगेच घोरणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यासारखंच. झाकण अजून फिरत होतं. ते थांबेपर्यंत मी उभी राहिले, मग उचललं, पदरानं पुसलं आणि जागेवर ठेवलं. आईची कपबशी फडताळाच्या वरच्या फळीवर, मागं, हात सहज पोचणार नाही अशी ठेवली. खालाला ओरडून सांगितलं, "काय न्हाई, झाकण." भाऊंचा कप तेवढा खाली ठेवला. तो संध्याकाळी लागणार होता.